दुसऱ्या दिवसाची मोजणी

मी काय नोकरी केली असं कुणी विचारलं, की माझ्याआधी आमचे यजमान उत्तर देतात. "किडे मोजायची." चेष्टेनं म्हणतात, पण त्यात खोटं काही नाही. घाटनांदूरच्या एका लहानशा कंपनीत मी वीस वर्षांच्या वर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले आणि किडे मोजले. जिवंत किती, मेलेले किती. आसपासच्या खेड्यांत मला 'जंतूवाली बाई' म्हणायचे. पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा दोन दिवस धुसफुसत होते. पुढं एसटीचा कंडक्टरही त्याच नावानं हाक मारून जागा करून द्यायला लागला, तेव्हा म्हटलं, असू दे.

हा किडा म्हणजे सूत्रकृमी. दोऱ्याच्या तुकड्यासारखा, पण इतका बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मातीत राहतो, मुळात शिरतो आणि तिथंच मुक्काम ठोकतो. मूळ सुजतं, त्याला गाठी येतात. पपई, वांगी, टमाटे, मिरची, डाळिंब, त्याला काहीही चालतं. झाड दुपारी मान टाकतं आणि उन्हं उतरली की परत सावरतं. शेतकऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो आणखी पाणी देतो. औषधवाला पानावर फवारा सांगतो. उपटून मूळ बघायचं कुणाच्या मनातही येत नाही. एकदा रानात शिरलेला हा किडा पुरता कधी जात नाही. कमी करता येतो, एवढंच.

आमची कंपनी म्हणजे अप्पांची कंपनी. अप्पा लिंगायत, बी-बियाण्याच्या पिढीजात दुकानातले. नव्वदीची मधली वर्षं होती. परवान्यांची कटकट कमी झाली होती आणि ज्याला त्याला काहीतरी काढावंसं वाटत होतं. कुणी एसटीडी बूथ काढला, कुणी मिनरल पाणी. अप्पांनी मातीतल्या जंतूंपासून औषध करायचं काढलं. घरच्यांनी कपाळावर हात मारला. मी तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्र शिकून घरी बसले होते. अप्पा स्वतः आमच्या घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "पोरीचं शिक्षण डब्यात ठेवून काय करता? माझ्याकडं पाठवा."

औषध साधंच होतं. मातीत काही जंतू असे असतात, की ते आपल्या बचावासाठी एक द्रव्य सोडतात आणि ते द्रव्य सूत्रकृमीला सोसत नाही. आम्ही हे जंतू वाढवायचो. गुळाची मळी, सोयाबीनची पेंड आणि पाणी, हे त्यांचं जेवण. डेअरीतून आणलेली जुनी स्टीलची टाकी, तिच्यावर ढवळायची मोटर आणि खालून हवा सोडायचा पंप. पाच दिवस हवा आणि ढवळणं अखंड चालू पाहिजे. मग गाळलं, की चहाच्या रंगाचं पाणी हाती यायचं. तेच औषध. अप्पा रोज सकाळी टाकीला भस्माचं बोट लावायचे. मी त्यांना एकदा म्हटलं, आत लावू नका, जंतूंना चालत नाही. ते म्हणाले, "आत न्हाई गं, भाईर लावतो. एवढं मला बी कळतं."

गिऱ्हाइकांची तऱ्हा निराळी. दाणेदार विषारी औषधाची त्यांना सवय होती. डबा उघडला की डोळ्यांत पाणी यायचं, आणि त्यावरच त्यांचा विश्वास बसायचा. आमच्या औषधाला थोडा आंबूस वास. हुंगून माणसं परत ठेवायची. "वास न्हाई, म्हंजे दम न्हाई." एका दुकानदारानं आमचे कॅन शोभेला म्हणून दारात उन्हात मांडून ठेवले, उन्हानं औषध नासलं आणि तक्रारही त्यानंच केली. एक पुढारी जीप घेऊन आले, सूक्ष्मदर्शकात वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यातला म्होरक्या कंचा?" म्हटलं, साहेब, इथं सगळे सारखेच. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

आता माझं काम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. टाकीतलं औषध तयार झालं की त्यातलं थोडं काचेच्या बशीत घ्यायचं आणि गाठीतून काढलेले जिवंत किडे त्यात सोडायचे. जिवंत किडा वळवळतो, वाकतो. मेलेला सरळ पडतो. एका बारीक काडीला मी माझ्याच भुवईचा केस चिकटवला होता. त्या केसानं प्रत्येकाला हळूच डिवचायचं. हलला नाही तर मेलेल्यांत धरायचा. ही पहिल्या दिवसाची मोजणी.

पण ती पुरी नसते. औषध कमजोर असेल तर किडा मरत नाही, नुसता बधिर होतो. दिसतो मेल्यासारखाच. म्हणून सगळे किडे बारीक चाळणीवर धुवून स्वच्छ पाण्यात घालायचे आणि आणखी एक दिवस थांबून परत मोजायचं. खरा मेलेला सरळच राहतो. बधिर झालेला पाण्यात जागा होतो. औषधाचा कस लागतो तो या दुसऱ्या दिवशी. ही मोजणी झाल्याशिवाय निकाल सांगायचा नाही, हे मला शिकवलं होतं आणि मी पुढं दहाजणांना शिकवलं.

युसूफ वडगावला शेषेराव नावाचे एक रोपवाटिकावाले होते. वांगी, मिरची, पपई, दरसाल हजारो रोपं. केजपासून अंबाजोगाईपर्यंत लोक त्यांच्याकडून रोप न्यायचे. रोपवाटिकेत सूत्रकृमी शिरला, की तो रोपाच्या पिशवीत बसून गावोगाव जातो आणि एकाचा रोग शंभर रानांत पसरतो. शेषेराव हे कुठं शिकले नव्हते, पण त्यांना ठाऊक होतं. विक्री सुरू करायच्या आधी प्रत्येक वाफ्यातली एक पिशवी ते स्वतः फाडून मूळ बघायचे. "पान कुणी बी बघतंय, ताई. म्या मूळ बघतो." त्या साली पिशव्यांत भरायच्या मातीत त्यांना जुन्या मुळाची एक गाठ दिसली आणि ते अप्पांकडं आले. पपईच्या पिशव्या भरायच्या होत्या. माती बदलायला वेळ नव्हता, आणि विषारी दाणे वापरायला त्यांचं मन घेत नव्हतं, कारण पिशव्या भरायला घरातल्याच बायका बसायच्या.

त्यांच्यासाठी आम्ही एक टाकी लावली. तिसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. लोडशेडिंग रोजचंच, पण त्या दिवशी जनरेटरचा पट्टाही तुटला. अंबाजोगाईहून पट्टा येईपर्यंत चार-पाच तास टाकी बंद होती. हवा नाही, ढवळणं नाही. जंतू गुदमरतात. नंतर मोटर चालू झाली, पाच दिवस पुरे झाले, रंग नेहमीचा आला, वासही नेहमीचाच. मी बशी लावली. पहिल्या दिवशी सगळे किडे सरळ. एकही हलेना. माझा जीव भांड्यात पडला.

दुसरा दिवस येळवशीचा होता.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. येळवशी म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, आमच्याकडं मोठा सण. गावंच्या गावं ओस पडतात, सगळी माणसं रानात. कडब्याची खोप करायची, आत पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, आणि बायकांनी आदल्या दिवसापासून रांधलेली ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि ज्वारीची आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा. मग येईल त्याला आग्रहानं जेवायला घालायचं. त्या दिवशी कामाला हात लावणारा माणूस आमच्याकडं सापडायचा नाही. शेषेरावांनी अप्पांना आणि मला बोलावलं होतं. औषधाचे कॅन अप्पांनी जीपमध्येच टाकले, म्हणजे परत फेरा नको. मी किडे धुवायचे राहिले होते ते तसेच ठेवले. परवा आल्यावर बघू, असं म्हणून बशी झाकली आणि वहीत लिहून टाकलं, सर्व मृत.

शेषेरावांचं रान नदीच्या अंगाला होतं. खोपीपुढं पंगत बसली. त्यांच्या पत्नी केवळबाई मडक्यातून आंबील वाढत होत्या. माझी वाटी रिकामी व्हायच्या आत परत भरत होत्या. शेषेराव पूजा करून आले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि विचारलं.

"ताई, मेले का?"

"मेले," मी म्हणाले.

"समदे?"

"सगळे."

त्यांनी खोपीकडं बघून हात जोडले. केवळबाईंनी मला आणखी एक उंडा वाढला. त्या वेळी मला फार बरं वाटलं होतं, हे खोटं कशाला सांगू. आपल्या एका शब्दावर एवढी माणसं निर्धास्त झाली, याचा मला अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी कामावर आले तर बशी नासली होती. पाणी गढूळ, किडे विरघळायला आलेले. ती मोजणी गेली. उरलेलं औषध होतं, ताजे किडे काढून परत लावता आलं असतं. दोन दिवसांचं काम. मी लावलं नाही. निकाल लिहून झाला आहे, सांगून झाला आहे, शेषेरावांनी एव्हाना माती भिजवलीही असेल, आता कशाला? असं मी स्वतःला सांगितलं आणि बशी धुऊन ठेवली. आळस म्हणा, भीती म्हणा. मला वाटतं दोन्ही होतं.

दोन महिने झाले असतील. शेषेराव पपईचं एक रोप पिशवीसकट घेऊन आले. टेबलावर ठेवलं. रोप छान होतं, चांगलं वीतभर, पानं हिरवीगार. त्यांनी पिशवी फाडली आणि मूळ माझ्यापुढं धरलं. मला सूक्ष्मदर्शकाची गरज पडली नाही. तंतूतंतूवर मोहरीएवढ्या गाठी होत्या.

"हे त्येच हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांना बसवलं, दुसरी मोजणी राहिल्याचं सांगितलं आणि त्या टाकीचं राखून ठेवलेलं औषध काढलं. जे दोन महिन्यांपूर्वी करायचं ते आता केलं. पहिल्या दिवशी सगळे किडे सरळ. धुतले, पाण्यात घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर निम्म्याहून जास्त वळवळत होते. चार-पाच तास बंद पडलेल्या टाकीनं अर्धवट औषध दिलं होतं. किडे झोपले, आणि पिशवीतल्या मातीला पाणी मिळत गेलं तसे उठले.

अप्पांना सांगितलं. मी रडत होते. अप्पा ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उरलेले कॅन परत मागवले, उकिरड्यावर ओतले आणि नियम घातला, की मोटर बंद पडलेली टाकी विकायची नाही आणि दुसरी मोजणी झाल्याशिवाय एक थेंब दाराबाहेर जायचा नाही. कंपनी होती तोवर हा नियम पाळला गेला. आमचं औषध पुढं चांगलं निघालं. लांब लांबून लोक न्यायला यायचे. पण नियम कशामुळं आला ते विचारलं की अप्पा दुसरंच काहीतरी बोलायचे, मला सांभाळून घ्यायचे.

शेषेरावांनी काय केलं? घरी जाऊन सगळी रोपं उपटली. वरून बघून कुणाला काही कळलं नसतं. ती हजारो हिरवी रोपं बाजारात सहज गेली असती. त्यांनी खडकावर वाळवून जाळली आणि ज्यांनी ज्यांनी रोपं सांगून ठेवली होती त्यांच्या दारात जाऊन सांगितलं, "औंदा माझ्याकडून घेऊ नका." का, ते सांगितलं नाही. माझं नाव घेतलं नाही.

तरी एक राहिलं होतं. त्यांच्या घरची रीत अशी, की रोपवाटिकेतली पहिली ओळ लेकीची. विक्री सुरू व्हायच्या आधीच ती लेकीच्या घरी जायची. त्या वर्षी दोनशे रोपं लिंबागणेशला गेली होती, कालिंदाकडं. विक्रीआधी मूळ बघायची सवय, ती या ओळीला लागू झाली नाही. मुलीची ओळ, त्यात माझा शब्द. त्यांना फाडून बघायची गरज वाटली नाही.

"ताई, तुमी चला संगं," ते म्हणाले. "म्या सांगितलं तर इवाई ऐकून घेतील, मानूस चांगला हाय. पर पोरीला वाटंल, बापानं बघितलं न्हाई. तिचं रान हाय त्ये."

वाटेत जीपमध्ये त्यांनी मला बाकीचं सांगितलं. कालिंदा लग्न होऊन गेली तेव्हापासून सासऱ्यांना म्हणत होती, विहिरीजवळचा तुकडा मला करू द्या. मी बापाच्या वाफ्यात वाढले, मला येतंय. तीन वर्षं तिनं धीर धरला. त्या साली सासरे हो म्हणाले. घरातल्या बाकीच्या पुरुषांना पसंत नव्हतं, तरी हो म्हणाले. तो सगळ्या रानातला चांगला तुकडा होता, बाराही महिने ओला. एवढं सांगून शेषेराव खिडकीबाहेर बघायला लागले. एकदाच म्हणाले, "तवा तुमी 'अजून म्हाईत न्हाई' म्हणला असता तर म्या थांबलो असतो, ताई. येळवशीनंतर चार दीस थांबायला मला काय व्हतं?" आवाजात राग नव्हता. 

लिंबागणेशला पोचलो तेव्हा सकाळ बरीच वर आली होती. विहिरीजवळ पपईच्या ओळी उभ्या होत्या. बुंध्याभोवती आळी अशी केली होती, की बघत राहावं. कालिंदा पाणी देत होती. बापाला बघून हसली, मग माझ्याकडं बघून थांबली. सासरे बाजेवर बसले होते, त्यांनी आम्हाला पाणी दिलं. मी पाणी प्यायले आणि बसायच्या आत सगळं सांगितलं. किडा काय, औषध काय, टाकी कशी बंद पडली, दुसऱ्या दिवसाची मोजणी कशी राहिली. रोपं पाठवली तेव्हा शेषेरावांना यातलं काही ठाऊक नव्हतं, हे दोनदा सांगितलं. कालिंदानं शेवटच्या ओळीतलं एक रोप उपटलं आणि मूळ बोटांवर घेऊन बघितलं. ती त्यांचीच मुलगी, तिला दाखवून द्यावं लागलं नाही.

सासऱ्यांनी विचारलं, "रान कधी नीट व्हईल?"

"सांगता येत नाही," मी म्हणाले. "ज्वारी, तीळ, झेंडू, एवढंच काही वर्षं घ्या. भाजीपाला आणि फळझाड नको. रोपं आजच काढली तर किडा कमी पसरेल. पण पुरता जाईल असं मी म्हणणार नाही."

सासऱ्यांनी पायात वहाणा घातल्या. मग उठले आणि सुनेला म्हणाले, "तुझं रान हाय. तू ठरीव." आणि शेषेरावांना घेऊन सावलीला गेले. म्हाताऱ्यानं त्या वेळी ते रान काढून घेतलं नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं आणि आदर वाटतो.

कालिंदा माझ्यापुढं उभी राहिली. माझ्यापेक्षा लहान, वीस-बावीसची असेल. हातात ते मूळ तसंच होतं.

"येळवशीला तुमास्नी म्हाईत न्हवतं?"

"नव्हतं. दुसरी मोजणी झालीच नव्हती."

"मग मेले कावून म्हणलात?"

या प्रश्नाचं उत्तर मी दोन महिने टाळलं होतं. लाईट, जनरेटर, सण, सगळं सांगून झालं होतं. त्यातलं काहीही या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"सगळे खुशीत होते," मी म्हणाले. "तुझे वडील आशेनं बघत होते. मला 'माहीत नाही' म्हणवलं नाही."

 तिनं एकदा ओळींकडं बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"उपटायचं कसं, तेवढं सांगा."

मी सांगितलं. खुरप्यानं भोवतीची माती सैल करायची, मूळ मातीसकट उचलायचं आणि सरळ गोणीत घालायचं. माती झटकायची नाही, झटकली की किडा परत रानातच पडतो. तिनं पदर खोचला आणि पहिल्या ओळीशी बसली. मी गोणीचं तोंड उघडं धरून तिच्या मागं मागं सरकत राहिले. दुपारपर्यंत शेवटची ओळ आली. दोनशे रोपं होती, तिनं स्वतःच्या हातानं लावलेली. एकाही मुळाची माती तिनं झटकली नाही.